तिसरा मेमो

प्रतवारी शेड
१३ जानेवारी

श्रीमती एदिल्मा सास्तोके, टेबल नंबर सहा, यांस,

मेमो क्रमांक एक. प्रत तुमच्या फायलीला.

शेडचं ठरलेलं प्रमाण तासाला चौदा जुड्या, एका जुडीत पंचवीस गुलाब. गेले तीन आठवडे तुमच्या कोडाच्या, म्हणजे २१२ची चिठ्ठी लावलेल्या, जुड्या भरतात तासाला नऊ. तुमच्या शेजारच्या सात नंबरवरची निदिया केकान कंत्राटी आहे, तिला इथे अजून वर्ष झालेलं नाही, आणि ती एकोणीस काढते. फळ्यावर दोन्ही आकडे रोज लिहिलेले असतात. तुम्ही ते वाचत नसाल तर तो दोष फळ्याचा नाही.

कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तुमचं टेबल म्हणजे गावचा चौक झालाय. अत्तराचं कॅटलॉग तुमच्याकडून पुढे सरकतं, संत अंतोनियोच्या सोडतीची वही तुमच्या खणात, कुणाचा वाढदिवस आला की केक तुमच्याच टेबलावर कापायचा. निदियासारखी कामसू मुलगीसुद्धा दर दहा मिनिटांनी कवेत फुलं घेऊन तुमच्याकडे येते आणि तुम्ही दोघी डोकं जोडून कुजबुजता. एवढं होऊन तिचं काम पुरं होतं, हे तिचं कौतुक. तुमचं होत नाही.

व्हॅलेंटाइनचा माल विमानात चढायला चार आठवडे राहिलेत. उद्यापासून प्रत्येक टेबलावर एक लाल फडकं असेल. फडकं वर असताना त्या टेबलाशी कोणी बोलायचं नाही.

कायम कामगाराला तीन मेमोंनंतर काय मिळतं ते तुम्ही जाणता. दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तुम्ही माझ्या धर्मआई, म्हणून मी झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये, यासाठी सगळं लेखी. तोंडी बोलायला येऊ नका.

फाबेर चितीवा
सुपरवायझर

———

१४ जानेवारी

फाबेर,

"श्रीमती" वाचून वाटलं पत्र दुसऱ्या कुणाचं आलं.

सिपाकोन गावच्या देवळात तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुला मी धरलं होतं. पाद्रीबाबांनी पाणी घातलं आणि तू माझ्या एकुलत्या एक लोकरी कोटावर मुतलास. तेव्हा मी कुणाच्या फायलीला प्रत लावली नाही.

आता खुलासा. बावीस वर्षं मी या शेडमध्ये उभी आहे. पेन्शनचं वय झालंय, भरायचे आठवडे झाले नाहीत. एकेचाळीस राहिलेत. ते भरले की मी आपण होऊन जाईन, तुला टाइप करायचा त्रास नको. त्याआधी घालवलंस तर या वयात मला दुसरा कुठला मळा ठेवून घेणार नाही, आणि बावीस वर्षं पाण्यात जातील. हे तुला माहीत आहे म्हणून सांगत नाही. माहीत असून लिहितोस म्हणून सांगते.

आकडा नऊ आहे, कबूल. वाढवायचा प्रयत्न करीन. केक कापणं बंद. फडकं लावलंय.

तुला कॉलेजात हेच शिकवलं का? म्हणजे जेवढं शिकलास तेवढ्यात?

एदिल्मा

———

१७ जानेवारी

श्रीमती सास्तोके,

खुलासा मिळाला. खुलासा म्हणून तो निरुपयोगी आहे. चार ओळींना एक कागद वापरलाय तुम्ही, अक्षरं पाटीवरच्यासारखी. कागद कंपनीचा आहे.

कॉलेजचं काढलंत ते बरं झालं. शेतकी कॉलेज मी चौथ्या सत्रात सोडलं, कारण माती हा विषय शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्गात सगळ्यांसमोर माझ्या बापाच्या चिखलाच्या बुटांवरून विनोद केला आणि मी त्यांच्या टेबलावर कुंडी आपटली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. कुंडी मातीची होती, मास्तरही मातीचेच होते. निदान मी तिथे बसून बावीस वर्षं काढली नाहीत.

आज सकाळी सातपासून अकरापर्यंत मी घड्याळ लावून बसलो. निदिया तुमच्या टेबलापाशी तेवीस वेळा आली. फडकं वर असताना. मी तिला हटकलं तर ती लाल झाली आणि म्हणाली, दोन्या एदिल्मांचं काही चुकत नाही. 'दोन्या' म्हणते ती तुम्हाला, मानाने. तुमच्यासाठी ती खोटं बोलते, आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. तिचा करार फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला संपतो. मी तिच्या नावाची शिफारस लिहितोय. अशी मुलगी या शेडला परत मिळणार नाही. तिच्या हाताखालून जाणारी फुलं पाहिली आहेत का तुम्ही? एकावर डाग नसतो. आणि ती ज्या तऱ्हेने कळी उजेडाकडे धरते, मान थोडी तिरकी करून, ते बघण्यासारखं असतं.

तिच्यापासून लांब राहा.

फाबेर चितीवा
सुपरवायझर

———

१८ जानेवारी

सुपरवायझर साहेब,

घड्याळ माझ्याकडेही आहे. शुक्रवारी तू सात नंबरच्या टेबलापाशी अकरा वेळा आलास. एकदा पुठ्ठा संपला का विचारायला, पुठ्ठ्याची थप्पी तिच्या कमरेएवढी असताना. दोनदा तापमान बघायला. थर्मामीटर दुसऱ्या भिंतीवर आहे. एकदा काहीच न विचारता उभा राहिलास आणि मग खोकून गेलास. चार वेळा गरम गुळाचं पाणी आणलंस, तिला फक्त. बाकीच्या तेवीस बायकांना काय घसा नाही?

सगळी शेड हसते तुला. मी हसत नाही, कारण मला तुझी आई आठवते. तीही अशीच होती, मनात आलं की चेहऱ्यावर दिवा लागायचा.

कामात व्यत्यय कोण आणतं ते मोजायचं असेल तर तुझ्यापासून मोजायला लाग. आणि बायका एकमेकींशी बोलतात ते सगळं बोलणंच असतं असं समजू नकोस.

अक्षर मोठं आहे, खरं आहे. लहान काढून तुझ्या डोळ्यांना त्रास कशाला?

एदिल्मा

———

२४ जानेवारी

श्रीमती एदिल्मा सास्तोके यांस,

मेमो क्रमांक दोन. प्रत फायलीला, प्रत मळ्याचे प्रमुख इंजिनियर उर्दानेता यांना.

वरिष्ठांची टिंगल आणि कामात सुधारणा नाही, या दोन कारणांसाठी.

सोमवारपासून तुमचं टेबल मागच्या भिंतीकडे, थंड खोलीच्या दाराशेजारी हलवण्यात येत आहे. तोंड भिंतीकडे. तिथे जाण्याची परवानगी फक्त फुलांची गाडी ढकलणाऱ्याला आणि मला. निदिया केकान पुढे खिडकीशी, दोन नंबरला येईल. तिथे उजेड चांगला आहे. आठवडाभर दोघींचा आकडा वेगळा वेगळा बघू, म्हणजे कोण कुणाला मागे खेचत होतं ते फळ्यावरच दिसेल.

इंजिनियर साहेबांना बेत आवडला. ते म्हणाले, पोरा, एवढं धाडस या शेडमध्ये दहा वर्षांत कुणी केलं नाही.

फाबेर चितीवा
सुपरवायझर

———

२५ जानेवारी

फाबेर,

हे करू नकोस. माझा राग माझ्यावर काढ. हवं तर सगळ्यांसमोर बोल, मी ऐकून घेईन. माझ्या आकड्याचं काय करायचं ते हंगाम संपल्यावर कर. पण टेबलं हलवू नकोस.

कारण विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे आठव.

तुझी धर्मआई

———

५ फेब्रुवारी

श्रीमती सास्तोके,

मी कारण विचारलं नाही आणि टेबलं हलवली. पहिल्याच दिवशी तुमचा आकडा पंधरावर गेला. बावीस वर्षांची चलाखी हातात होती, ती माझ्यापासून लपवून ठेवली होतीत. मी फळ्यावर तो आकडा हिरव्या खडूने लिहिला. मला वाटलं, जिंकलो.

काल मायामीहून, आपला माल उतरतो तिथून, फोन आला. अकरा खोकी परत. पाकळ्यांवर करडी बुरशी. वाटेत लागलेली नाही. इथून निघतानाच कळीच्या बाहेरच्या पाकळीवर ठिपके होते आणि निवडणारीने ते पाहिले नाहीत, असं तिथल्या तपासनिसाचं म्हणणं. अकराच्या अकरा खोक्यांतल्या जुड्यांवर चिठ्ठी २१२ची. पंधरा जुड्या तासाला, न बघता बांधलेल्या. हा सूड आहे, दुसरं काही नाही. मला भिंतीकडे तोंड करून बसवतोस काय, मग घे, असंच ना तुमचं?

आणि दुसरी गोष्ट. निदियाचा आकडा सहावर आलाय. सहा. तीन दिवस ती खिडकीशी नुसती फुलं निवडून रचून ठेवते, जुडी बांधायची वेळ आली की हात मांडीवर घेऊन बसते. परवा तिचे डोळे भरलेले पाहिले. मी सत्तावीस तारखेला तिला एक चिठ्ठी दिली होती. काय लिहिलं ते तुम्हाला माहीत असणारच, ती तुम्हाला सगळं सांगते. चिठ्ठीत लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानंतर तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. तुम्ही तिचे कान भरलेत. माझ्याविषयी काय सांगितलंत? कॉलेज अर्धवट, डोकं तापट, बापाचे बूट चिखलाचे? पंधरा तारखेला तिचा करार सहाच्या आकड्यावर कोण वाढवील?

मेमो क्रमांक तीन यासोबत. दहा तारखेला सकाळी नऊ वाजता इंजिनियर साहेबांसमोर सुनावणी. लेखी खुलासा आधी द्या.

फाबेर चितीवा

———

६ फेब्रुवारी

इंजिनियर उर्दानेता आणि सुपरवायझर चितीवा यांस,

अकरा खोक्यांतल्या सर्व जुड्या मी बांधल्या. निवडही माझीच. माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या कुणाचा त्यात संबंध नाही. निदिया केकान हिचा आकडा उतरला तो टेबल बदलल्यामुळे, खिडकीतून वारा लागतो, हंगामानंतर परत चढेल. तिच्या कराराचा विचार करताना आधीच्या तीन महिन्यांचा आकडा बघावा.

मला सुनावणीत आणखी काही सांगायचं नाही. कागद तयार ठेवा, सही करीन.

एदिल्मा सास्तोके

———

९ फेब्रुवारी

सुपरवायझर चितीवा,

तुमच्या चिठ्ठीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते शेवटी देते. आधी हे वाचा. उभ्याने वाचू नका, बसा.

दोन्या एदिल्मांनी तुम्हाला लिहिलेला कागद त्यांनी मला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, गप्प बस, पंधरा तारीख जाऊ दे. मी गप्प बसणार नाही. उद्या नऊ वाजता त्या सही करतील आणि त्यांचे आठवडे जातील. अडतीस राहिलेत. तुम्ही मोजले नसतील.

माझं उजवं मनगट ऑक्टोबरात गेलं. फूल उचलता येतं, उजेडाकडे धरता येतं, तुम्हाला ती तऱ्हा आवडते असं ऐकलं. पण पंचवीस दांड्यांभोवती पुठ्ठा आवळून ओढायचा म्हटलं की कोपरापर्यंत आग जाते. डॉक्टरांचा कागद माझ्या खणात आहे. तो दाखवला असता तर कंत्राटी पोरीला तुम्ही नारळ दिला असता, हो ना? तुम्ही नाही तर तुमच्या साहेबांनी.

दोन्या एदिल्मांच्या उजव्या डोळ्यात पडदा आलाय, डाव्यात यायला लागलाय. हात अजून आमच्या सगळ्यांपेक्षा जलद. पण करडा ठिपका त्यांना दिसत नाही. ऑपरेशनची तारीख ऑगस्टातली मिळाली आहे. अक्षर एवढं मोठं का, ते आता कळलं असेल.

तेव्हा मी दोघींची फुलं निवडायची आणि दोघींच्या जुड्या त्यांनी बांधायच्या. तेवीस वेळा मी कवेत फुलं घेऊन जात होते ती निवडलेली फुलं होती. कुजबुजत होतो ते कितव्या दर्जाची, किती लांबीची, एवढंच. तुमच्या फडक्यामुळे हळू बोलावं लागायचं. चिठ्ठ्या लावताना त्या माझ्या कोडाच्या जास्त लावायच्या, कारण माझा करार आकड्यावर चालतो आणि त्यांना काढायला तीन मेमो लागतात. त्या म्हणाल्या होत्या, तीन मेमो द्यायला माझ्या धर्मपुत्राला निदान वर्ष लागेल, तो तसा वाईट नाही. तुम्ही तेवीस दिवसांत उरकलंत.

नऊ आणि एकोणीस. बेरीज करा, दोनाने भागा. चौदा येतात. आम्ही तुमच्या प्रमाणाला एक जुडी कमी दिली नाही. एक डाग जाऊ दिला नाही. तुम्ही आम्हाला वेगळं केलंत आणि आंधळीला निवडायला बसवलंत, लुळीला बांधायला. आणि हिरवा खडू.

हा कागद तुम्ही इंजिनियर साहेबांना दाखवू शकता. मग आम्ही दोघीही जाऊ. तुमच्या हातात आहे.

आता चिठ्ठीचं. तुम्ही लिहिलंत की माझ्याकडे बघितल्यावर तुमचं कामात लक्ष लागत नाही. माझ्याकडे बघून तीन महिन्यांत तुम्हाला माझं मनगट दिसलं नाही. कशाकडे बघत होता?

निदिया केकान

———

११ फेब्रुवारी

धर्मआई,

आज मेमो नाही, म्हणून धर्मआई असं लिहितो. त्यावरून काही समजू नका. मी रागावलेलो आहे आणि राग जाईल असं दिसत नाही.

तुम्ही दोघींनी मला तीन महिने मूर्ख बनवलं. मी फळ्यावर आकडे लिहीत होतो आणि तुम्ही ते आकडे आपसात वाटून घेत होता. मला एकदा सांगितलं असतंत तर? मी साहेबांकडे पळालो असतो असं वाटलं तुम्हाला. काय वाटून घ्यायचं ते घ्या. मला स्वतःलाच खात्री नाही मी काय केलं असतं, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

काल तुम्ही दाराबाहेर बसला होतात आणि सही करायला बोलावलंच नाही, घरी जा म्हणून सांगितलं. आत काय झालं ते तुम्हाला शेडमधून चुकीचं कळेल म्हणून लिहितो.

निदियाचा कागद माझ्या खिशात होता. तो बाहेर काढला नाही. मी साहेबांना सांगितलं की आकडा पंधरावर नेण्यासाठी मीच तुम्हाला निवड सोडून नुसतं बांधायला सांगितलं, तोंडी सांगितलं. तुम्ही नको म्हणत होतात, पंचवीस तारखेचं पत्रही लिहिलंत, ते मी दाखवलं. टेबलं हलवू नकोस, कारण विचारू नकोस, असं त्यात आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, एवढं लिहून दिल्यावरही तू का हलवलंस? मी म्हणालो, मुलीपायी. ते खरंच होतं, म्हणून म्हणताना अडखळलो नाही.

ते हसले नाहीत. त्यांनी माझा पांढरा कोट मागितला. मी तिथेच काढून दिला. अकरा खोक्यांबद्दल मला काढूनच टाकणार होते, पण हंगामात कापणीला माणसं कमी आहेत. आजपासून मी अकरा नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये कात्री धरतो. कंत्राटी. आकड्यावर.

कोट देण्याआधी मी एक काम करून घेतलं. सहा आणि सात नंबरची टेबलं जोडायची, एकीने निवडायचं, एकीने बांधायचं, आकडा दोघींचा मिळून एक, असा प्रयोग म्हणून कागद केला. साहेब बघेनात. मी म्हणालो, तीन महिन्यांची बेरीज बघा, आणि डागामुळे परत आलेली खोकी बघा. तीन महिन्यांत शून्य. ते आकड्यांचे भोक्ते आहेत, सही केली. मनगटाबद्दल, डोळ्यांबद्दल त्या कागदात अक्षर नाही. डॉक्टरांचा कागद खणातच राहू दे. तिसरा मेमो रद्द, मी त्यांच्यासमोर फाडला.

हे मी तुमच्यासाठी केलं नाही. तिच्यासाठीही नाही. चूक माझी होती, म्हणून माझ्याच अंगावर घेतली.

मला भेटायला येऊ नका. जेवायला बोलावू नका. निदियाला सांगू नका मी कुठे आहे.

फाबेर

———

४ मार्च

फाबेर,

चौतीस आठवडे. हे आधी लिहिते, मग तुला काय बोलायचं ते बोलते.

निदियाचा करार वाढला. सहा महिन्यांनी. नवी सुपरवायझर बाई टेबलाशी आली, दोघींचा मिळून एकतीसचा आकडा बघितला आणि पुढे गेली. चांगली बाई आहे, खोकत नाही.

आता अकरा नंबरच्या पॉलिहाऊसबद्दल. तिथून येणारी फुलं मी बांधते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. तू दांडा दोन बोटं आखूड कापतोस. सत्तर सेंटिमीटरचं फूल साठात जातं. पहाटेची कळी अजून मिटलेली असते तेव्हा कापतोस आणि दुपारी उमललेली तशीच सोडतोस. कात्री पुसत नाहीस. निदियाने परवा दांड्यावर चिकट डाग दाखवला, माझ्या बोटांना लागला. चौथ्या सत्रापर्यंत हे शिकवतच असतील. की तेव्हा कुंडी शोधत होतास?

तू खोटं बोललास साहेबांपुढे, तुझ्या पत्रात वाचलं. सगळी शेड ते खरं मानते. मी तुझे आभार मानणार नाही. ज्या खड्ड्यात तू मला ढकललंस त्यातून तूच काढलंस, त्यात आभाराचं काय? उलट मला तुझ्यावर एक राग जास्त आहे. बापाच्या बुटांवरून मी तुला कधी काही बोलले नव्हते. तू ते माझ्या तोंडी घातलंस. मी तुझ्या बापाबरोबर सहा वर्षं त्याच चिखलात उभी होते. ते परत घे. लेखी.

निदियाला मी सांगितलं नाही तू कुठे आहेस. तिने मला विचारलंच नाही. आपण होऊन तुझ्या वाफ्यातली आखूड फुलं वेगळी काढून ठेवते आठवडाभर, आणि आज म्हणाली, हे समजावून सांगायला कोणीतरी गेलं पाहिजे. मी म्हटलं, जा बाई, मला दिसत नाही एवढ्या लांबचं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. मी त्यात नाही.

हे पत्र घेऊन तीच येतेय. कॉफीची सुट्टी दहा मिनिटांची. अकरा नंबरपर्यंत चालायला चार, परत यायला चार. ती नसेल तेवढा वेळ मला एकही फूल निवडता येत नाही, समोर गाडीभर माल आहे आणि सुट्टी संपली की घंटा होईल. काय बोलायचं ते दोन मिनिटांत बोल, आणि माझं माणूस मला परत पाठव.

एदिल्मा